शीर्षकलेखनातील मोठी अक्षरे

शीर्षकलेखनातील मोठी अक्षरे हा रोमन लिपीतील एक लेखनसंकेत आहे. ग्रंथ, लेख, बातमी, चित्रपट इत्यादींचे नाव लिहिताना कोणत्या शब्दांचे पहिले अक्षर मोठे, म्हणजेच कॅपिटल, असावे आणि कोणत्या शब्दांचे लहान असावे, हे या संकेताने ठरते. इंग्रजीत तो विशेष काटेकोरपणे पाळला जातो. देवनागरी लिपीत अक्षरांचे असे भेद नाहीत. त्यामुळे मराठीतून लिहिलेल्या शीर्षकांना तो लागू होत नाही. मात्र पारपत्र, गुणपत्रक, संशोधनपर लेखाची संदर्भसूची, रेल्वे स्थानकाची पाटी, इंग्रजी वृत्तपत्राचा मथळा अशा अनेक ठिकाणी मराठी व्यक्तिनामे, ग्रामनामे व ग्रंथनामे रोमन लिपीत लिहावी लागतात आणि तेथे मराठी भाषकालाही या संकेताची गाठ पडते. अलीकडे हे काम बहुधा संगणकावरील स्वयंचलित साधनांवर सोपवले जाते. ही साधने इंग्रजी शब्दसंग्रह गृहीत धरून तयार झालेली आहेत. मराठी नावांशी त्यांचे कुठे जुळते व कुठे बिनसते, हे रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील नावांवरून चांगले समजते.

दोन प्रकारच्या अक्षरांचा उगम

प्राचीन रोमन शिलालेखांत आज ज्यांना मोठी अक्षरे म्हटले जाते तीच अक्षरे आढळतात. लहान अक्षरे हस्तलेखनाच्या ओघात घडत गेली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस, शार्लमेन या फ्रँक सम्राटाच्या काळात, त्यांना सुबक व स्थिर रूप आले. पुढे दोन्ही प्रकार एकाच मजकुरात नांदू लागले. मुद्रणकला आल्यावर जुळारी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या खणपेटीत आणि लहान अक्षरांचे खालच्या खणपेटीत ठेवू लागले. या खणपेटीला 'केस' म्हणत. 'अपर केस' आणि 'लोअर केस' ही नावे तेथून आली. खिळ्यांचा काळ संपून अनेक दशके लोटली तरी ती संगणकाच्या परिभाषेत टिकून आहेत.

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत हा भेद 'लिपी' या शब्दाने शिकवला जात असे. छापील मोठी अक्षरे ही पहिली लिपी, छापील लहान अक्षरे ही दुसरी, जोडून लिहावयाची मोठी अक्षरे ही तिसरी आणि जोडून लिहावयाची लहान अक्षरे ही चौथी. इयत्ता पाचवीत इंग्रजीची ओळख होताच विद्यार्थी या चार लिपी चाररेघी वहीत गिरवीत. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि हा क्रम बदलला. तथापि जुन्या पिढीच्या बोलण्यात 'पहिल्या लिपीत लिही' हा प्रयोग अजून ऐकू येतो, आणि 'कॅपिटलमध्ये लिही' या प्रयोगाहून तो अधिक नेमका आहे.

इंग्रजीतील दोन धाटण्या

इंग्रजी शीर्षके मुख्यतः दोन धाटण्यांनी लिहितात. पहिली 'टायटल केस'. तीत नामे, सर्वनामे, क्रियापदे, विशेषणे व क्रियाविशेषणे यांची पहिली अक्षरे मोठी असतात. 'अ', 'ॲन', 'द' ही उपपदे, 'अँड', 'ऑर', 'बट' यांसारखी उभयान्वयी अव्यये आणि 'ऑफ', 'इन', 'टु' यांसारखी शब्दयोगी अव्यये मात्र लहान अक्षराने लिहितात. शीर्षकातील पहिला शब्द कोणताही असो, त्याचे पहिले अक्षर मोठेच असते. दुसरी धाटणी 'सेंटेन्स केस'. तीत शीर्षक साध्या वाक्याप्रमाणे लिहितात. पहिला शब्द आणि विशेषनामे एवढ्यांनाच मोठे अक्षर मिळते. इंग्रजी विकिपीडियावरील लेखांची शीर्षके या दुसऱ्या धाटणीची असतात. अमेरिकन काँग्रेस ग्रंथालयाच्या तालिकेतही मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत उतरवताना हीच पद्धत वापरली जाते. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाच्या नावातील फक्त पहिले अक्षर तेथे मोठे दिसेल.

टायटल केसचे नियमही सर्वत्र एक नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीनुसार चार किंवा त्याहून अधिक अक्षरांचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. त्यामुळे 'फ्रॉम' आणि 'विथ' ही शब्दयोगी अव्ययेही मोठ्या अक्षराने लिहिली जातात. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' या ग्रंथाच्या सतराव्या आवृत्तीपर्यंत शब्दयोगी अव्यय कितीही लांब असले तरी ते लहान अक्षराने लिहावे असा दंडक होता. २०२४ मध्ये निघालेल्या अठराव्या आवृत्तीने पाच किंवा अधिक अक्षरांच्या शब्दयोगी अव्ययांना मोठे अक्षर देऊ केले. म्हणजे 'कर्जत आणि खोपोलीदरम्यानची रेल्वे' अशा अर्थाच्या इंग्रजी शीर्षकात 'बिटवीन' हा शब्द जुन्या आवृत्तीप्रमाणे लहान आणि नव्या आवृत्तीप्रमाणे मोठ्या अक्षराने लिहावा लागेल. म्हणून एखादे शीर्षक 'बरोबर' आहे की नाही, हा प्रश्न कोणत्या पद्धतीने बरोबर, हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो.

विद्यार्थ्यांच्या लेखनात सर्वाधिक आढळणारी चूक 'इज' या क्रियापदाची आहे. शब्द दोनच अक्षरांचा असल्याने तो 'इन' आणि 'ऑफ' यांच्या पंगतीत बसवला जातो आणि लहान अक्षराने लिहिला जातो. पण तो क्रियापद आहे. टायटल केसमध्ये त्याचे पहिले अक्षर मोठेच हवे. येथे शब्दाची लांबी पाहायची नसते, त्याची जात पाहायची असते. 'अप' हा शब्द कधी शब्दयोगी अव्यय असतो, तर कधी क्रियापदाला चिकटलेले क्रियाविशेषण असतो. पहिल्या वेळी तो लहान अक्षराने, दुसऱ्या वेळी मोठ्या अक्षराने लिहायचा. व्याकरणाच्या तासाला शब्दांच्या जाती ओळखण्याचा जो सराव करून घेतला जातो, त्याचा उपयोग असा अनपेक्षित ठिकाणी होतो.

देवनागरीतील शीर्षके

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण' या नियतकालिकात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापला जात असे. एकाच पानावर, एकाच आशयाच्या दोन मजकुरांत, एका बाजूला मोठ्या-लहान अक्षरांचा भेद आणि दुसऱ्या बाजूला त्याचा पूर्ण अभाव, असे हे चित्र होते. देवनागरी छपाईला जोडाक्षरे, काने, मात्रा व वेलांट्या यांसाठी आधीच खिळ्यांची मोठी संख्या लागत असे. त्यात आणखी एका संचाची उणीव कोणाला भासली नाही. मराठी मथळ्याचे महत्त्व टाइपाचा आकार, ठसा, चौकट आणि स्तंभांची रुंदी यांवरून दाखवण्याची रीत पडली. 'आठ कॉलमी मथळा' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला.

या व्यवस्थेत एक अडचण मात्र राहते. विशेषनाम आणि सामान्यनाम यांतील फरक देवनागरीत डोळ्यांना दिसत नाही. 'सकाळ' हे वृत्तपत्र की दिवसाचा प्रहर, हे संदर्भावरून समजून घ्यावे लागते. म्हणून लेखक अवतरणचिन्हे वापरतात किंवा नावाआधी 'दैनिक' हा शब्द जोडतात. 'आशा' या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. ते स्त्रीचे नाव आहे, भाववाचक नाम आहे आणि ग्रामीण आरोग्यसेविकांच्या इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांपासून बनलेले लघुरूपही आहे. रोमन लिपीत हे तिन्ही वेगळे दिसतात: नावात पहिले अक्षर मोठे, भाववाचक नामात सर्व लहान, लघुरूपात सर्व मोठी. देवनागरीत तिन्ही एकच दिसतात. म्हणून मराठी बातमीत 'आशा सेविका' किंवा 'आशा स्वयंसेविका' असे जोडून लिहिले जाते. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी मजकुरात, एखादे साधन जेव्हा या लघुरूपाला सरसकट नियम लावते तेव्हा आरोग्यसेविकांविषयीच्या मथळ्यात आशा नावाची कोणी एक स्त्री अवतरते.

मराठी शीर्षकांतील शुद्धतेचे प्रश्न वेगळे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांनुसार ग्रामनामाच्या शेवटी येणारे 'पूर' दीर्घ लिहावयाचे असते, म्हणून 'खालापूर'. परंतु विभक्तिप्रत्यय लागताच उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो. म्हणून 'खालापुरात', 'खालापूरात' नव्हे. मथळ्यात ही चूक वारंवार दिसते. मोठ्या-लहान अक्षरांच्या साधनाला यातले काहीच कळत नाही, कारण देवनागरी मजकूर त्याच्यातून जसाच्या तसा बाहेर पडतो.

साधन कसे काम करते

स्वयंचलित साधनाची मूळ कृती अगदी साधी असते. दिलेल्या ओळीचे मोकळ्या जागांवरून तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे पहिले अक्षर मोठे आणि उरलेली लहान करायची व तुकडे पुन्हा जोडायचे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबत राहिल्यास अक्षरांची रूपे क्रमाने बदलतात, आणि त्याच प्रणालीतील 'प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने' हा पर्याय एवढेच काम करतो. तो 'ऑफ' आणि 'द' यांनाही सोडत नाही. एक्सेलमधील 'प्रॉपर' हे सूत्र आणखी सरळधोपट आहे. अक्षर नसलेल्या कोणत्याही चिन्हानंतर येणारे अक्षर ते मोठे करते. त्यामुळे 'डिसोझा' हे आडनाव रोमन लिपीत वरच्या स्वल्पविरामासह लिहिलेले असेल तर ते योग्य रूपात बाहेर येते. पण षष्ठीचा अर्थ दाखवणारा इंग्रजी 'एस' त्याच चिन्हानंतर येतो आणि तोही मोठा होऊन बसतो. इंग्रजी क्रमवाचकांतील 'फर्स्ट', 'फिफ्थ' यांची अंकांसह लिहिलेली रूपेही अशीच बिघडतात.

थोडी प्रगत साधने यापुढे जातात. ती लहान ठेवावयाच्या शब्दांची यादी बाळगतात, पहिला व शेवटचा शब्द तपासतात, अपूर्णविरामानंतरचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतात आणि ज्या शब्दात आधीपासून मधले अक्षर मोठे आहे त्याला हात लावत नाहीत. जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली छोटी आज्ञावली या प्रकारची असून तिची अनेक संगणकभाषांत रूपांतरे झाली. मधल्या मोठ्या अक्षराला हात न लावण्याची युक्ती चांगली आहे. परंतु मूळ मजकूर संपूर्ण मोठ्या अक्षरांत असेल तर तिचा उपयोग होत नाही, कारण तेथे लघुरूप कोणते आणि साधा शब्द कोणता याची खूणच उरलेली नसते. आपल्याकडील बहुतेक जुन्या याद्या, अर्ज व दाखले नेमके असेच, पहिल्या लिपीत भरलेले असतात.

अलीकडची भाषिक प्रारूपे वाक्याचा संदर्भ पाहून निर्णय घेतात आणि इंग्रजी शीर्षकांत बरेचदा योग्य रूप देतात. मात्र एकाच यादीतील दोन सारख्या नावांना ती दोन वेगळी रूपे देऊ शकतात. याद्यांच्या कामात हा दोष जुन्या साधनांच्या ठाम चुकांपेक्षा शोधायला कठीण असतो.

कर्जत आणि खालापूर परिसरातील नावे

या परिसरातील ग्रामनामे रोमन लिपीत लिहिण्याचा इतिहास रेल्वेपासून सुरू होतो असे म्हणण्यास हरकत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढ वाहतुकीस खुला झाला. त्या काळच्या इंग्रजी लेखनात खोपोलीचे 'कॅम्पूली' आणि नेरळचे 'नारेल' झालेले आढळते. ही रूपे आता गेली. पण एखादे अक्षर कानाला जसे ऐकू आले तसे कागदावर उतरले की ते पुढे दीर्घकाळ पुसले जात नाही, एवढे त्यांवरून दिसते. जिल्ह्याच्या नावाचेही असेच. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, पण जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत ते छत्तीसगडमधील रायगढप्रमाणे शेवटी 'आरएच' लावून छापले गेले. अक्षरे मोठी-लहान करणारे साधन असे वर्णलेखन सुधारत नाही. चुकीच्या नावाला ते नीटनेटका पोशाख मात्र चढवते.

ग्रामनामांतील खरी परीक्षा जोडनावांत होते. कर्जत शहराच्या हद्दीतील 'मुद्रे बुद्रुक' आणि 'मुद्रे खुर्द' ही नावे इंग्रजी कागदपत्रांत 'बीके' आणि 'केएच' अशा संक्षेपांनी लिहिली जातात. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फारसीतून आले. जमिनीच्या व्यवहारात एकाच नावाच्या दोन गावांना वेगळे ठेवणारी खूण हीच असते. योग्य संक्षेपात पहिले अक्षर मोठे, दुसरे लहान आणि शेवटी पूर्णविराम असतो. साधनाला हे संक्षेप ठाऊक नसल्याने ते कधी दोन्ही अक्षरे मोठी ठेवते, कधी विरामचिन्ह काढून टाकते, तर कधी नवा शब्द समजून त्याचे स्पेलिंग सुधारू पाहते. गावांच्या यादीत एकाच गावाच्या अशा तीन नोंदी झाल्या की शोध घेणाऱ्याला त्यांतली एकच सापडते.

'तर्फे' या शब्दाचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. तर्फ हा जुन्या महसुली व्यवस्थेतील गावांचा गट होय. कर्जत तालुक्यात 'दहिवली तर्फे नीड' आणि 'दहिवली तर्फे वरेडी' अशी दोन गावे आहेत. खालापूर तालुक्यात 'आंबिवली तर्फे तुंगारतन' आहे. आंबिवली नावाचे दुसरे गाव कर्जत तालुक्यात कोथळीगडाच्या परिसरात आहे, तर तिसरी आंबिवली कल्याणपलीकडचे रेल्वे स्थानक म्हणून परिचित आहे. या नावांत 'तर्फे' हा शब्द इंग्रजी नदीकाठच्या गावांच्या नावांतील 'अपॉन' या शब्दासारखे काम करतो. तेथे 'अपॉन' लहान अक्षराने लिहितात. त्या न्यायाने 'तर्फे'ही लहान अक्षराने लिहिणे सुसंगत ठरेल. सरकारी याद्यांत मात्र तो बहुधा मोठ्या अक्षराने किंवा नुसत्या 'टी' या आद्याक्षराने येतो. अशा वेळी यादीतील रूप तसेच ठेवणे इष्ट, कारण ग्रामनाम हे प्रथमतः नोंद असते आणि मग शीर्षक. संक्षेपातील 'टी' हे एखाद्या व्यक्तीच्या नावाचे आद्याक्षर वाटते, ही त्यातली गंमत, 'आंबिवली टी. तुंगारतन' हे कोणा गृहस्थाचे नाव म्हणून सहज खपून जाईल.

सेंटेन्स केस करणाऱ्या साधनांपुढे वेगळी अडचण उभी राहते. त्यांना विशेषनाम ओळखून ते तेवढे मोठ्या अक्षराने ठेवायचे असते. 'दहिवली तर्फे नीड' यातील 'नीड' रोमन लिपीत लिहिले की गरज या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी अक्षरशः जुळते, आणि साधन ते निःशंकपणे लहान करते. खालापूर तालुक्यातील 'चौक' या गावाचेही तसेच. पनवेल–कर्जत मार्गावर त्या नावाचे स्थानक आहे. 'चौक' हा शब्द भारतीय इंग्रजीत रस्त्यांचा चौक या अर्थाने रुळलेला असल्यामुळे लहान अक्षराने लिहिलेला मथळा वाचून अपघात कोणत्या तरी चौकात झाला असे वाटते. मोठ्या अक्षराने लिहिलेला मथळा गावाचे नाव सांगतो. मदत पाठवायची असेल तेव्हा हा भेद क्षुल्लक नसतो.

लघुरूपांच्या बाबतीत टायटल केसची साधने हटकून चुकतात. कर्जत स्थानकाचा रेल्वेतील संकेत 'केजेटी', नेरळचा 'एनआरएल'. औद्योगिक विकास महामंडळ 'एमआयडीसी'. मुंबई महानगर प्रदेशाचे प्राधिकरण 'एमएमआरडीए'. ही सर्व संपूर्ण मोठ्या अक्षरांत लिहावयाची असतात. कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ खालापूर तालुक्यातील चौक परिसरात असून कर्जतच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या नावातील दोन आद्याक्षरे विरामचिन्हांशिवाय लिहिली की साधन दुसरे अक्षर लहान करून टाकते. शाळांच्या हजेरीपटावरील नावांतही हेच घडते: वडिलांचे व स्वतःचे आद्याक्षर जोडून लिहिलेले असेल तर त्या दोन अक्षरांचा एक निरर्थक शब्द तयार होतो. आद्याक्षरांनंतर पूर्णविराम व मोकळी जागा सोडण्याची जुनी शिस्त साधनांच्या दृष्टीनेही सोयीची आहे.

'भिवपुरी रोड' या स्थानकनामात 'रोड' हा नावाचाच भाग असल्याने मोठ्या अक्षराने लिहितात. संयोगचिन्हाने जोडलेल्या 'पनवेल–कर्जत' यासारख्या नावांत दोन्ही घटक विशेषनामे असल्याने दोहोंची पहिली अक्षरे मोठी हवीत. काही साधने संयोगचिन्हानंतरचे अक्षर लहान करतात. 'वाडी' हा शब्द जोडून लिहावा की तोडून, यावरही मोठे अक्षर अवलंबून असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा इंग्रजी बातम्यांत हे नाव 'श'साठी कधी एक तर कधी दोन अक्षरे वापरून, आणि 'वाडी' कधी जोडून तर कधी तोडून लिहिले गेले. आज त्या दुर्घटनेविषयीचे वृत्तांत शोधणाऱ्या अभ्यासकाला सर्व रूपे घालून पाहावी लागतात. मोठ्या-लहान अक्षरांचा फरक शोधयंत्रे बहुधा दुर्लक्षितात. तोडून लिहिलेल्या शब्दाकडे मात्र त्यांना तसे दुर्लक्ष करता येत नाही.

दोन कर्जतांचा घोटाळा कोणत्याही साधनाच्या आवाक्याबाहेरचा आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत रोमन लिपीत अक्षर न् अक्षर सारखे आहेत. विधानसभेचे मतदारसंघ 'कर्जत' आणि 'कर्जत जामखेड' अशा नावांनी वेगळे ओळखता येतात. टपाल पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून, ४१० आणि ४१४, वेगळे करते. नुसत्या मथळ्यात मात्र जिल्ह्याचे नाव घालण्यावाचून गत्यंतर नाही.

लिप्यंतरात मोठ्या अक्षराला येणारा अर्थ

आतापर्यंतच्या उदाहरणांत अक्षर मोठे की लहान याने नावाचा उच्चार बदलत नव्हता. देवनागरी मजकूर रोमन कळफलकावरून लिहिण्यासाठी ज्या लिप्यंतर पद्धती निघाल्या, त्यांत तो बदलतो. अविनाश चोपडे यांनी विकसित केलेली आयट्रान्स ही त्यांतली प्रसिद्ध पद्धत. तीत लहान 'टी' म्हणजे त आणि मोठा 'टी' म्हणजे ट. लहान 'डी' म्हणजे द, मोठा 'डी' म्हणजे ड. लहान 'एन' म्हणजे न, मोठा 'एन' म्हणजे ण. लहान 'एल' म्हणजे ल, मोठा 'एल' म्हणजे ळ. लहान 'ए' ऱ्हस्व अ दाखवतो आणि मोठा 'ए' दीर्घ आ. मोठा 'एम' अनुस्वारासाठी वापरला जातो.

अशा मजकुरावर टायटल केसचे साधन चालवले तर काय होते, हे पाहण्यासाठी कर्जतजवळच्या बौद्ध लेण्यांचे गाव घ्यावे. 'कोंढाणे' हे नाव आयट्रान्समध्ये लिहिताना अनुस्वारासाठी मोठा 'एम', ढसाठी मोठा 'डी' व त्यापुढे 'एच', आकारासाठी मोठा 'ए' आणि णसाठी मोठा 'एन' लागतो. साधनाने ही सर्व अक्षरे लहान केली की परत देवनागरीत येताना 'कोम्धने' असे काहीतरी तयार होते. 'नेरळ'चे 'णेरल' होते, 'कळंब'चे 'कलम्ब' होते. भूल एका अक्षराची नसते. ट-त, ड-द, ण-न, ळ-ल या सर्व जोड्या एकदम कोलमडतात. मराठीची ओळख ज्या ळ आणि ण या वर्णांत आहे, नेमके तेच प्रथम बळी पडतात. म्हणून लिप्यंतरासाठी साठवलेल्या मजकुरावर अक्षरांची रूपे बदलणारे कोणतेही साधन चालवू नये. भ्रमणध्वनीवर वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय असते. याच धर्तीच्या लिप्यंतर पद्धतीने टंकलेखन करताना ती चालू राहिली, तर 'तालुका' लिहू पाहणाऱ्याला 'टालुका' मिळू शकते.

रोमन लिपीतील शास्त्रीय लिप्यंतरासाठी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ १५९१९ हे मानक या धोक्यापासून मुक्त आहे. तीत ट, ड, ण, ळ यांचे वेगळेपण अक्षराखालच्या टिंबाने व दीर्घ स्वर डोक्यावरच्या आडव्या रेघेने दाखवतात. अक्षर मोठे केले तरी टिंब व रेघ जागेवर राहतात. मात्र टिंबे गाळून लिहिण्याची सवय सार्वत्रिक असल्याने दैनंदिन व्यवहारात या पद्धतीचा लाभ फारसा घेतला जात नाही.

विकिपीडियावरील व्यवहार

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, तिच्या रचनेत लेखाच्या शीर्षकाचे पहिले अक्षर आपोआप मोठे होते. त्यामुळे विकिपीडियावर रोमन शीर्षकाचे पहिले अक्षर लहान टाइप केले तरी तोच लेख उघडतो. दुसऱ्या अक्षरापासून पुढे मात्र मोठे व लहान वेगळे धरले जाते. विक्शनरी या शब्दकोश प्रकल्पात पहिल्या अक्षराचीही ही सवलत नाही, कारण तेथे सामान्यनाम आणि विशेषनाम यांच्या स्वतंत्र नोंदी लागतात. देवनागरी शीर्षकांवर या नियमाचा परिणाम होत नाही. तेथे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडशब्दातील मोकळी जागा आणि संयोगचिन्ह यांमुळे एकाच विषयाची दोन शीर्षके तयार होतात आणि ती पुनर्निर्देशनाने जोडावी लागतात. सारखी नावे असलेल्या गावांसाठी तालुका किंवा जिल्हा जोडून निःसंदिग्धीकरण केले जाते.

इतर भाषांतील काही विशेष

अक्षरांची रूपे बदलणे ही क्रिया लिपीवर अवलंबून असते, तशी ती भाषेवरही अवलंबून असते. तुर्की भाषेत टिंब असलेला आणि टिंब नसलेला असे दोन वेगळे 'आय' असून दोहोंना स्वतंत्र मोठी रूपे आहेत. इंग्रजी नियमाने चालणारे साधन त्यांची सरमिसळ करते. डच भाषेत 'आयजे' ही जोडी एकच अक्षर मानली जाते आणि शब्दारंभी दोन्ही वर्ण मोठे होतात. जर्मन भाषेत सर्वच नामे मोठ्या अक्षराने लिहितात. त्या भाषेतील दुहेरी 'एस'साठीच्या विशिष्ट अक्षराचे मोठे रूप २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले आणि २०१७ मध्ये अधिकृत लेखननियमांत स्वीकारले गेले. जॉर्जियन लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये मोठ्या रूपांचा संच मिळाला. परंतु तो संपूर्ण शब्द किंवा संपूर्ण मथळा ठळक करण्यासाठीच वापरतात, शब्दाचे केवळ पहिले अक्षर मोठे करण्याची रीत त्या भाषेत नाही.